एकशे एकोणचाळीस

शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर मंजुषा कंपनीच्या बसमधून डोकमर्डीच्या नाक्यावर उतरली आणि स्वतःच्या घरी न जाता सरळ मोठ्या जावेच्या दारात गेली. काम मोठं नव्हतं. उद्या सासऱ्यांची, आबांची, पंचाहत्तरी होती आणि मठाच्या, म्हणजे मटकीच्या, भाजीला लागणारं मोठं पातेलं वासंतीवहिनींच्या माळ्यावर होतं. एरवी तिनं कल्पेशला पाठवलं असतं. आठ वर्षं दोघी जावांचे निरोप असेच नवऱ्यांच्या तोंडून जात-येत होते. पण आज कल्पेश मंडपवाल्याच्या मागे होता, आणि वहिनी प्लास्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला गेल्या होत्या, सहाशिवाय येणार नव्हत्या. म्हणून तर ती आली.

घरात आबा खाटेवर पडले होते आणि वहिनींची लेक कावेरी टेबलाशी बसून प्रश्न सोडवत होती. पुढच्या शनिवारी तिची परीक्षा होती. परदेशात, बिश्केकला, सहा वर्षं काढून डॉक्टरकीची पदवी आणली होती, पण इथली चाळणी परीक्षा पास झाल्याखेरीज साधी इंटर्नशिपही करता येत नव्हती. तीनशे प्रश्न, पास व्हायला दीडशे. पहिल्या खेपेला एकशे बत्तीस झाले, दुसऱ्या खेपेला एकशे चव्वेचाळीस. ही तिसरी खेप, आणि तिच्या वडिलांनी, संजूभाऊजींनी, सांगून टाकलं होतं, ही शेवटची. नाही झालं तर औषधांच्या कंपनीत कागदपत्रांचं काम बघायचं.

"काकू, पातेलं ना? काढून देते." कावेरी उठली.

"बस गं. मी काढते, तू वाच." मंजुषानं टेबलावरचे छापील कागद पाहिले. "वहिनी सगळ्यांना सांगताहेत, सरावात एकशे नव्वद पडतात म्हणून. खरंच?"

"परवा एकशे त्र्याण्णव पडले."

"अरे वा! मग मी एक विचारू? माझं इंग्लिश तोडकंमोडकं आहे, हसू नकोस."

तिनं वरचाच कागद उचलला आणि अडखळत वाचायला लागली. बावन्न वर्षांचा मजूर, बागेत फवारणी करताना पडला, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या...

"सी," कावेरी म्हणाली.

मंजुषा थांबली. "सी म्हणजे?"

"ॲट्रोपिन."

"पण पर्याय मी अजून वाचलेच नाहीत."

मंजुषानं पुढचा प्रश्न वाचला. अर्ध्यावरच उत्तर आलं, "ए." तिसरा प्रश्न तिनं मुद्दाम मागच्या पानावरून घेतला. "डी." शेवटच्या पानावर छापलेल्या उत्तरांशी तिन्ही जुळली.

मंजुषा सुताच्या कारखान्यात क्वालिटीला होती. बावीस वर्षं तिचं काम एकच: मशीनवरून उतरलेल्या प्रत्येक कोनाचं, म्हणजे सुताच्या गुंडाळीचं, थोडं सूत घ्यायचं, त्याची मोज्यासारखी नळी विणायची, रंगात बुडवायची आणि उजेडात धरून पाहायची. सूत वरून कितीही सारखं दिसो, रंग चढला की बिघाडाचा पट्टा उमटतो. ती परत पहिल्या प्रश्नावर आली.

"हाच मजूर. पण समज बाहुल्या बारीक नाहीत, मोठ्या झाल्यात. आणि लाळ नाही, उलट तोंड कोरडं पडलंय. मग?"

कावेरीनं तोंड उघडलं आणि मिटलं. खिडकीकडे पाहिलं. "मोठ्या... म्हणजे मग..." तिनं कागद उलटून पाहिला. "असा प्रश्न त्यात नाहीये, काकू."

"हे कागद कितव्यांदा करतेयस?"

"सहाव्यांदा. काही सातव्यांदा."

"कावेरी, एकाच चांगल्या कोनाचं सूत मी रोज तपासलं तर माझा माल कायम पास. पण गाडी भरून जातो तो माल वेगळाच असतो ना?"

कावेरीला हे माहीत नव्हतं असं नाही. मोबाईलच्या ॲपमध्ये हजारो प्रश्न न उघडलेले पडून होते. एक अख्खा छापील सराव पेपरही होता, तो तिनं 'शेवटच्या दिवसासाठी' म्हणून ठेवला होता. नवा पेपर उघडला की पहिल्या दहा प्रश्नांतच चार-पाच चुकायचे आणि भीती वाटायची. मग ती जुने कागद ओढायची. अर्ध्या पेपरच्या दीडशे प्रश्नांतले पंच्याण्णव बरोबर आले की भीती ओसरायची, जेवण जायचं, आईला आकडा सांगता यायचा. आईचा चेहरा पाहून आकडा तिला स्वतःलाही खरा वाटायला लागला होता.

"तो राखून ठेवलेला पेपर आज कर," मंजुषा म्हणाली. "माझ्याकडे चल. घरात कोणी नाही. घड्याळ लावून कर, जसा तिथं देशील तसा."

"आणि कमी पडले तर?"

"पडतील. आज पडलेले बरे. आठवडा आहे हातात."

खाटेवरून आबांनी मान वर केली. "काय व्हयनं, पोरी?"

"काही नाही आबा. पातेलं घेऊन काकूकडे जाते, अभ्यासाला."

"जाय," आबा म्हणाले. दोन घरांत ये-जा सुरू झाली तर त्यांना बरंच होतं.

तीन वाजता बसलेली कावेरी आठ वाजता उठली. उत्तरं जुळवली मंजुषानं, एकेक खूण करत. शेवटी तिनं बेरीज दोनदा केली आणि कागद कावेरीकडे सरकवला.

एकशे एकोणचाळीस.

"आईला काय सांगू?" कावेरी म्हणाली.

"ते तू ठरव. मी माझ्या तोंडून काही बोलणार नाही."

*

वासंती ओट्याशी उभी राहून उद्याच्या लाडवांचा रवा भाजत होती. कावेरीनं मागून येऊन एका दमात सगळं सांगितलं. वासंतीचा हात थांबला नाही. रवा करपू नये म्हणून ती ढवळतच राहिली.

"म्हणजे एकशे नव्वद खोटं होतं?"

"खोटं नाही गं. पण ते प्रश्न मला पाठ झाले होते."

"आणि हे तुला तिनं सांगितलं."

"काकूनं फक्त विचारलं, आई."

"बरोबर उद्या कार्यक्रम आहे म्हटल्यावर आज सुचलं तिला." वासंतीनं गॅस बंद केला. "आठ वर्षांपूर्वी याच घरात बसून म्हणाली होती, बाहेर पाठवू नका, तिकडून आलेली पोरं इथल्या परीक्षेत अडकतात, त्यापेक्षा इथं नर्सिंगला टाका. सगळे हो म्हणत होते, ती एकटी नाही. आता तिचंच खरं झालं, नाही का? किती बरं वाटलं असेल."

"तिला बरं वाटलेलं मला तरी दिसलं नाही."

"तुला काय दिसणार?" वासंती म्हणाली, पण आवाज उतरला होता. एकशे नव्वदचा आकडा तिनं पॅकिंगच्या बायकांना सांगितला होता, किराणावाल्याला सांगितला होता, फोनवरून नंदुरबारच्या नणंदेला दोनदा सांगितला होता. त्यातला एकेक चेहरा आता डोळ्यांपुढून जायला लागला.

"उद्या कोणाजवळ बोलू नकोस," ती म्हणाली. "बाबांजवळ पण नाही. कार्यक्रम होऊ दे. मग बघू."

*

आबांची खरी जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. आधार कार्डावर एक जानेवारी छापली होती, म्हणून वर्षातला पहिला रविवार धरला होता. सूतगिरणीत आबांबरोबर उभे राहिलेले जुने लोक आले. खानवेलहून बारकू आला, तो आबांच्या हाताखाली मशीन शिकला होता. गल्लीतली माणसं, कंपनीतली माणसं मिळून चाळीसेक पानं झाली. आबांना नवं धोतर, टोपी, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळणं. दिव्यांमागे आबांचा चेहरा लाजल्यासारखा दिसत होता.

ओवाळून झाल्यावर नलिनी उठली. ही आबांची लेक, संजू-कल्पेशची मोठी बहीण, पहाटेच्या गाडीनं नंदुरबारहून आलेली. तिचा आवाज मंडपाच्या टोकापर्यंत जायचा.

"आबांचं झालं, आता आबांच्या नातीचं! कावेरी, ये गं इकडे."

कावेरी पुढे आली. नलिनीनं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून तिच्या हातात ठेवलं. कावेरीनं कागद सोडला. पितळी पाटी होती. डॉ. कावेरी संजय बागुल. अक्षरं खोल कोरलेली.

"सरावात एकशे नव्वद घेते पोरगी! पासाला दीडशे लागतात," नलिनी सगळ्यांना सांगत होती. "म्हटलं निकालापर्यंत कशाला थांबायचं? दारावर लावून टाका आजच."

टाळ्या वाजल्या. संजू पुढे झाला. त्यानं पाटी लेकीच्या हातातून घेऊन लोकांना दिसेल अशी वर धरली. कावेरीचे हात मात्र पाटी असल्यासारखेच पुढे राहिले.

वासंतीनं मंजुषाकडे पाहिलं. आता ती हसेल, निदान कल्पेशकडे बघून भुवई तरी उडवेल, असं तिला वाटलं. पण मंजुषा हातातली पाण्याची बादली ठेवून घाईनं पुढे येत होती.

"भाऊजी, द्या ती इकडे. पितळेवर बोटं उमटतील," ती म्हणाली आणि कावेरीच्या व लोकांच्या मध्ये उभी राहिली. "पोरीला जेवू द्या आधी. सकाळपासून उपाशी आहे. जा गं, आत जा."

वासंतीला सगळं कळलं. ही पोरीला झाकत होती. काल रात्रभर जिच्याबद्दल मनात नको ते आलं, ती सगळ्यांसमोर तिच्या लेकीपुढे उभी होती. आणि आपण, आई, मंडपाच्या खांबाला धरून.

"नलिनीताई," वासंती म्हणाली. फार मोठ्यानं नाही, पण जवळचे लोक गप्प झाले, मग मागचेही. "एकशे नव्वद नाहीत. तेच तेच प्रश्न परत सोडवून पडलेले मार्क होते ते. काल नवा पेपर सोडवला. एकशे एकोणचाळीस आहेत."

"अगं, असू दे, नंतर..." नलिनी म्हणाली.

"नाही. एकशे नव्वद मीच सांगत फिरले, तर हेही मीच सांगते. माझ्या पोरीचे आज एकशे एकोणचाळीस आहेत."

संजूच्या हातातली पाटी खाली आली. मग आबांनी खुर्चीतून विचारलं, "पास व्हवाले किती लागतस?"

"दीडशे, आबा," कावेरी म्हणाली.

"म्हणजे अकरा कमी."

"हो."

"आनि दिन किती शेत?"

"सहा."

आबांनी जरा विचार केला. "मग आते जेवा समदे. तिले अभ्यास करना शे."

बारकू पहिला हसला. मग पानं मांडली गेली.

*

दुपारी माणसं पांगल्यावर संजू मागच्या अंगणात वासंतीला गाठून म्हणाला, "चारचौघात पोरीचं हसं केलंस."

"कोणी हसलं नाही."

"मला आधी सांगायचं होतं."

"ते चुकलंच," वासंती म्हणाली. "पण तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही पाटी वर धरली नसती, आणि मीही बोलले नसते. मग ती एकशे नव्वदचं ओझं घेऊनच परीक्षेला बसली असती."

संजूला लेकीचा राग आला होता, पण त्याखाली दुसरंच काही होतं. आपल्याला खरं सांगायची पोरीला भीती वाटली, हे त्याला लागलं होतं. ही शेवटची खेप असं आपणच म्हणालो होतो, तेही जेवताना, तिच्या ताटासमोर.

वासंती पदर खोचून चार घरं ओलांडून गेली. मंजुषा मोरीत भांडी घासत होती. वासंती दारात थांबली, मग आत येऊन समोरच्या पाटावर बसली आणि एक पातेलं स्वतःकडे ओढलं.

"वहिनी, राहू द्या, मी..."

"सहा दिवसांत काय करायचं ते सांग," वासंती म्हणाली.

मंजुषानं हात पुसले. "मला डॉक्टरीतलं काही कळत नाही."

"तुला बिघाड कळतो. तेवढंच पाहिजे."

*

रविवारी संध्याकाळीच काम सुरू झालं. तीनशेतले एकशे एकसष्ट चुकले होते. मंजुषाच्या सांगण्यावरून कावेरीनं त्या सगळ्या चुका समोर घेतल्या आणि एकेकीपाशी स्वतःला विचारलं, का चुकलीस? तीन वह्या केल्या. एका वहीत जे मुळातच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वहीत जे अर्धवट ठाऊक होतं, दोन पर्यायांत अडकून चुकीचा धरला. तिसऱ्या वहीत जे पक्कं येत होतं तरी चुकलं.

तिसरी वही सगळ्यांत जाड निघाली. अठ्ठावन्न.

"हे कसं काय?" वासंतीनं विचारलं.

कावेरी पानं उलटत होती. "'याखेरीज कोणतं' असं विचारलंय, मी 'कोणतं' एवढंच वाचलंय. इथं रुग्ण लहान मूल आहे, मी मोठ्याचं औषध दिलंय. इथं पण." ती थांबली. "मी शेवटपर्यंत वाचतच नाही, आई. दोन शब्द ओळखीचे दिसले की उत्तर देऊन मोकळी."

"पाठ केलेल्या कागदांची सवय लागलीय," मंजुषा म्हणाली. "पहिली वही बाजूला ठेव. सहा दिवसांत ती संपायची नाही. या दोन बघ."

सोमवारपासून रोज नवे प्रश्न. पन्नास सोडवायचे, मग तेवढाच वेळ ते तपासायला. बरोबर आलेल्या उत्तराचंही कारण सांगायचं, आणि बाकीचे तीन पर्याय का नाहीत तेही. ऐकायला समोर माणूस हवा होता. सकाळी आबा बसत. त्यांना यातलं काही कळत नसे, पण कावेरी मध्येच अडखळली की ते लगेच म्हणत, "हे तुलेच समजनं नही." आणि बहुतेक वेळा ते खरं असे.

मंगळवारी संजू कामावरून आला, हातपाय धुतले आणि खुर्ची ओढून बसला. "आण, मी वाचतो आज." तो लाईन सुपरवायझर होता, इंग्लिश चलन-पावतीपुरतं. लांबलचक नावांवर त्याची गाडी रुतायची. पण एक शब्द त्यानं पक्का धरला होता. 'एक्सेप्ट', म्हणजे 'याखेरीज', आला की तो टेबलावर थाप मारायचा.

"बाबा, परीक्षेत असं कोणी थाप मारणार नाही."

"म्हणून तर आत्ता मारतोय. कानात बसू दे." पुढचा प्रश्न घेण्याआधी तो कागदाकडेच बघत म्हणाला, "ते शेवटची खेप वगैरे मी म्हणालो होतो ना, ते सोड. झालं तर झालं, नाही तर जूनमध्ये परत बसू."

कावेरीनं मान हलवली. संजूनं अडखळत पुढचा प्रश्न सुरू केला.

बुधवारी पन्नासात सव्वीस आले. गुरुवारी सकाळी एकतीस, संध्याकाळी परत पंचवीस. पंचवीस आले तेव्हा कावेरी वही मिटून मंजुषाकडे गेली.

"खाली आले, काकू."

"चुका कुठल्या वहीतल्या?"

कावेरीनं मोजलं. "बहुतेक पहिल्या. न येणारं. तिसऱ्या वहीतल्या फक्त दोन."

"मग आकडा खाली आला तरी तू खाली आली नाहीस." मंजुषा चहा गाळत होती. "आणि भीती?"

"आहे. पण नवा कागद उघडवतो आता."

शुक्रवारी वासंतीनं सगळ्या वह्या कपाटात टाकून चावी स्वतःकडे ठेवली. "आज एक प्रश्न नाही. झोप, जेव, आबांशी बोल." केंद्र सुरतेला होतं. बरोबर कोण जाणार यावर बोलणं झालं, तेव्हा वासंती म्हणाली, "मंजुषा जाऊ दे. मी तिथं बाहेर बसून नुसती रडेन."

"वहिनी, आई तुम्ही आहात," मंजुषा म्हणाली. "रडा की. मी पण येते, रुमाल धरायला." मग तिघी गेल्या.

*

निकाल दहा-बारा दिवसांनी, एका मंगळवारी दुपारी लागला. घरात आबा आणि कावेरी दोघंच. साडेचार वाजले होते. पान उघडायला तीनदा प्रयत्न करावा लागला. कावेरीनं आकडा पाहिला, नाव पाहिलं, नंबर पाहिला, परत आकडा पाहिला. मग आबांच्या खाटेवर जाऊन बसली आणि त्यांचा हात धरला.

"आबा, झालं."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "तुन्ही मायले सांग."

पण आईचा फोन कारखान्याच्या फाटकावर जमा होता. काकूचाही. बाबांची दुपारची पाळी. साडेपाचला कावेरीला घरात बसवेना, तेव्हा ती चपला घालून नाक्यावर गेली.

त्या आठवड्यात मंजुषाला जनरल पाळी होती. पावणेसहाला कंपनीची बस थांबली. मंजुषा उतरली आणि समोर कावेरीला पाहून जागच्या जागी थांबली. आज निकाल असणार, हे तिला कळलं. कावेरीनं तोंड उघडलं तसा तिनं हात वर केला.

"थांब. मला आधी सांगू नकोस. वहिनींना येऊ दे."

"काकू, पण..."

"येऊ दे गं. येतीलच आता."

वडापावच्या गाडीशेजारी दोघी उभ्या राहिल्या. मंजुषानं कावेरीच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती रस्त्याकडे बघत राहिली. कारखान्यांचे ट्रक जात होते, सायकली जात होत्या, पाळी सुटलेल्या बाया घोळक्यानं भाजीवाल्यांकडे वळत होत्या. तिनं एकदा घड्याळ पाहिलं, एकदा पिशवी या हातातून त्या हातात घेतली. वीस मिनिटं गेली.

भरलेल्या रिक्षातून वासंती उतरली. सुट्टे पैसे देताना तिची नजर पलीकडच्या वडापावच्या गाडीकडे गेली. दोघी शेजारी शेजारी उभ्या दिसल्या आणि तिचे पाय तिथंच थांबले. रिक्षावाला परतीची नाणी पुढे करत होता, ती घ्यायचं तिला सुचलं नाही.

कावेरी रस्ता ओलांडून तिच्याजवळ गेली आणि ओरडलीच, "आई, एकशे छप्पन्न."

वासंतीनं लेकीचा दंड घट्ट धरला. मग तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मंजुषा रस्त्याच्या पलीकडेच थांबली होती, दोन्ही तळवे तोंडावर दाबून, डोळे भरलेले.

"अगं, ये ना इकडे!" वासंतीनं हाक मारली. मंजुषा आली तशी तिनं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"आत्ताच," मंजुषा म्हणाली. "तुमच्याबरोबर."